गंगम्माचं काठमांडू

बसव जयंतीचं पुरण अजून गॅसवरून उतरलं नव्हतं, तेवढ्यात रुद्राणीनं विषय काढला. नांदेडहून पहाटेच्या एसटीनं आलेली, तोंडावरची धूळसुद्धा नीट धुतली नव्हती. पण पोटात गोष्ट ठेवायची सवय या मुलीला लहानपणापासूनच नाही.

"जून संपला की काठमांडूचं घर सोडायचं, अव्वा. यांनी नांदेडच्या क्लासला हो म्हणून टाकलंय. तिथं शाळेत वर्गात चाळीस पोरं होती, इथं एका बॅचला तीनशे बसतात म्हणे. गणिताच्या सरांना लई मागणी हाय."

पुरणयंत्राचा दांडा फिरवणारा गंगम्माचा हात थांबला. "म्हंजे यंदाचा उन्हाळा शेवटचा?"

"शेवटचा. म्हणून तर न्यायला आले तुम्हाला. परवा निघायचं. तू, मी आणि अण्णाची अक्षरा."

गंगम्मानं पुन्हा दांडा फिरवायला घेतला, पण पुरणाकडं काही तिचं लक्ष नव्हतं. जावई चंद्रप्पा काठमांडूच्या एका शाळेत मास्तर झाला, तेव्हा सगळ्या गल्लीनं हळहळ केली होती, की गंगम्माच्या नवऱ्यानं, गुरुपादप्पानं, एकुलती एक पोरगी परमुलखात दिली. पुढच्याच मे महिन्यात सगळं घर तिकडं जाऊन महिनाभर राहून आलं आणि हळहळणाऱ्यांची तोंडं बंद झाली. लातुरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, ऊन डोकं फोडतंय, आणि ही माणसं रजई पांघरून झोपलेली! तेव्हापासून चौदा उन्हाळे झाले. नांदेडहून रेल्वे, मग तीन ठिकाणी गाडी बदलायची, रक्सौलला सरहद्द ओलांडायची, मग दिवसभर डोंगरात गरगर फिरणारी बस, आणि बसमध्ये ओकणारी सून सिंधु. एवढं सोसूनही एप्रिल उजाडला की घरात पहिली आठवण काठमांडूचीच निघायची.

गंगम्मा तिकडं पशुपतिनाथासाठी जाते, असं सगळे धरून चालले होते. तिनंही कधी नाही म्हटलं नव्हतं. देवाचं नाव पुढं केलं की बाईमाणसाला कुणी जास्त विचारत नाही. खरी गोष्ट अशी, की पशुपतिनाथाचं दर्शन ती पहिल्या दोन दिवसांत उरकून टाकायची आणि मग एक दिवसाआड विजेच्या बसनं भक्तपूर गाठायची. तिथल्या जंगम मठाच्या दगडी पायरीवर गुरम्मा नावाची तिच्याच वयाची एक विधवा बाई बसलेली असायची. भावाबरोबर बिदरकडून, म्हणजे गंगम्माच्या माहेरच्या भागातून आलेली आणि मठातच राहिलेली. दोघी पुढ्यात निवडायला तांदळाचं सूप घेऊन बसायच्या आणि दुपार कलेपर्यंत कन्नडमध्ये बोलायच्या. बाकी काही नाही. एवढ्यासाठी गंगम्मा दीड हजार किलोमीटर जात होती आणि हे तिनं चौदा वर्षांत एका माणसाला सांगितलं नव्हतं. साठीला टेकलेली बाई, म्हणे गप्पा मारायला परदेशी जाते! सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

जेवणं बाहेरच्या खोलीत झाली. दार सताड उघडं होतं आणि कूलरचा सगळा गारवा रस्त्यावर चालला होता. या घरात आता दाराला कडी लागत नाही. सप्टेंबरातल्या भूकंपानं गुरुपादप्पांची धाकटी बहीण नेली. किल्लारीच्या अंगाला दिलेली होती. तिच्या घराची आतली कडी शेवटपर्यंत लागलेलीच सापडली. त्या दिवसापासून गुरुपादप्पांनी घरातल्या सगळ्या कड्या स्वतःच्या हातानं काढल्या, आणि दिवस मावळला की ते माणसं मोजतात. मुलगा अमरेश, सून, नात अक्षरा, बायको. कुणी घरच्या डाळ मिलवर अडकलं तरी निरोप पाठवून बोलावून घेतात. त्यामुळं 'परवा निघायचं' हे शब्द कानावर पडल्यापासून ते पोळीचे नुसते तुकडे करत बसले होते.

"अक्षरा कुठं येणार न्हाई," अमरेशनं पहिला घास खाऊनच निकाल लावला. "सोमवारपासून व्हेकेशन बॅच हाय. नांदेड, परभणी, पार किनवटवरून पोरं येऊन आपल्या माडीवर भाड्यानं राहून राहिलीत, आन् आपलीच पोरगी डोंगर बघत फिरली तर लोक शेण घालतील तोंडात."

"अण्णा, महिनाभरानं काय बिघडतंय? अजून दहावीचा निकालसुद्धा न्हाई लागला."

"तुला न्हाई कळणार. महिनाभरात तिथं अर्धं फिजिक्स होतं."

"तुझे दाजीच शिकवणार हायत की क्लासला! शिकवतील तिला तिथं सकाळ-संध्याकाळ."

 सिंधुनं अमरेशच्या पानात तूप वाढता वाढता हळूच म्हटलं, "खरंच की हो. घरचे सर मिळतील." अमरेशनं बायकोकडं असं पाहिलं, की तूप वाढणारा हात आखडलाच. पण सून नणंदेच्या बाजूला गेली, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग रुद्राणीनं खरा डाव टाकला. ती वाद घालेना, आठवणी काढायला लागली. "अप्पा, तुमची टोपी आठवती का? स्वयंभूच्या माकडानं नेलेली?"

गुरुपादप्पांच्या मिशीची टोकं हलली. "नेली कसली, घातली त्यानं. आन् देवळाच्या कठड्यावर बसलं, मिलमध्ये मी बसतो तसं."

"आन् ते मच्छिंद्रनाथाचा रथ बघून अव्वा ओरडली होती!"

"मग काय ओरडू नको? केवढा उंच, वेताचा, आन् सगळा एका अंगाला कललेला," गंगम्मा म्हणाली. "मला वाटलं आता पडतो का मग पडतो. ती माणसं आपली हसून राहिली."

"आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत असला रथ काढला असता तर पोलिसांनी थांबवला असता," अमरेशच्याही तोंडून निघून गेलं.

आणि एकदा तोंडातून निघालं की मग काय. घरमालकिणीनं मातीच्या गाडग्यात लावलेलं दही निघालं. लपसी नावाच्या तिथल्या फळाच्या आंबटगोड वड्या निघाल्या, ज्या अक्षरा लहानपणी गालात धरून झोपायची. भर मेमध्ये पडलेल्या गारा निघाल्या, ज्या सिंधुनं पदरात गोळा करून चहाच्या पातेल्यात टाकल्या होत्या. लातूरच्या त्या तापलेल्या खोलीत पाच-सहा माणसं ताटं सुकवत बसली होती आणि हसत होती. भूकंपानंतर हे घर असं हसलं नव्हतं. गंगम्माला वाटलं, जमलं. पोरीनं जमवलं.

पण अमरेश भानावर आला. "ते सगळं ठीक हाय. पण न्हाई म्हंजे न्हाई. शिस्त म्हणून काही असती का न्हाई? बाहेरगावी गेलं की पोरं बिघडतात."

रुद्राणीनं हातातला घास खाली ठेवला. "पोरं बिघडतात? सांगू का मग भक्तपूरचं?"

अमरेशचा चेहरा उतरला. "रुद्री, गप बस."

"काय भक्तपूरचं?" सिंधु आणि अक्षरा एकदमच म्हणाल्या.

"तुझा बाप," रुद्राणीनं भाचीकडं वळून सांगितलं, "अव्वाला मठात सोडलं की बस थांबते तिथल्या एका दुकानात वाफवलेले मोमो खायचा. आकार बघितला उकडीच्या मोदकासारखा, म्हटलं आत सारणच असणार. खोबऱ्याचं नसंल तर कोबीचं. विचारलं न्हाई कुणाला. आठ दिवस खाल्ले. एका वेळी दहा-दहा. नवव्या दिवशी मागच्या दारानं हात धुवायला गेला तर तिथं रेड्याचं मुंडकं ठेवलेलं!"

सिंधुनं पदर तोंडावर घेतला. गळ्यात लिंग बांधलेला माणूस, लग्न झालेला, एका लेकराचा बाप, आणि आठ दिवस! तिला रडावं का हसावं कळेना. शेवटी खांदे हलायला लागले तेव्हा समजलं, की हसतेय.

"तेवीस चुळा भरल्या मी," अमरेश खालच्या मानेनं म्हणाला. "शपथ घातली होती हिला. बारा वर्षं झाली. अप्पा, मला खरंच ठाऊक नव्हतं."

सगळ्यांनी गुरुपादप्पांकडं पाहिलं. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, ठेवला.

"चव कशी होती?" त्यांनी विचारलं.

पुन्हा एकदा हशा उठला. त्या हशातच गंगम्मा बोलून गेली, "मला ठाऊक होतं."

"तुला? तुला कसं, अव्वा?"

"उगीच का त्या महिन्यात तुला रोज दोन तास पूजेला बसवलं? आन् दहीभातावर ठेवलं?"

"ते उष्णतेसाठी म्हणाली होतीस तू!"

"मग काय सांगणार होते, रेडा उतरवायला म्हणून?" गंगम्मा म्हणाली. "त्या दुकानासमोर तुला बघितलं होतं गुरम्मानं."

गुरम्मा कोण, हे विचारायला रुद्राणीनं तोंड उघडलं होतं. पण त्याआधी अक्षरानं ताट बाजूला सारलं. बराच वेळ ती सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होती.

"मला कुणी विचारणार हाय का?" ती म्हणाली. "मला जायचंच न्हाई काठमांडूला."

 पोरीसाठी बापाशी भांडणारी आत्या आणि पोरीसाठीच बहिणीशी भांडणारा बाप, दोघंही तिच्याकडं बघत राहिले.

"मला बॅच करायची हाय. खरंच. पप्पा म्हणतात म्हणून न्हाई." ती आत्याकडं वळली. "मागं किल्लारीहून जखमी माणसं आणली होती ना, तेव्हा मी आज्जासोबत दवाखान्यात होते. डॉक्टर कमी पडत होते. एक बाई पार मुंबईवरून आली होती, ती तीन दिवस झोपली न्हाई. मला तिच्यासारखं व्हायचंय. आत्या, मला काठमांडू लई आवडतं. पण यंदा न्हाई."

अमरेशच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं घाम पुसायच्या निमित्तानं पुसलं. रुद्राणी उठून भाचीजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. भांडण मिटलं. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं.

एका गंगम्माला सोडून. नात जाणार म्हणून आजी जाणार, असा बेत होता. आता नातच जाणार नाही. पुढचं वाक्य कोण बोलणार एवढंच तिला बघायचं होतं, आणि ते अमरेशच बोलला, अगदी मायेनं बोलला.

"मग प्रश्नच मिटला. अव्वा तरी एकटी एवढ्या लांब कशाला जाईल? गुडघे दुखतात तिचे. महादेव काय इथं न्हाई? सिद्धेश्वराला नेऊन आणतो की सोमवारी."

"हाव," गुरुपादप्पा लगेच म्हणाले. "सगळे एका जागी असलेले बरे."

रुद्राणीनंही मान डोलावली. तिलाही ते पटलेलं दिसलं.  गुरम्मा मागल्या वर्षी म्हणाली होती, "पुढच्या साली मी असेन का नसेन, पण तू ये." आत्ता गंगम्मा बोलली नाही, तर ती पायरी संपली. चौदा वर्षं देवाच्या आड उभी राहिली होती ती. आता देवानं अंग काढून घेतलं.

"मला जायचं हाय," गंगम्मा म्हणाली.

"अगं, पण अव्वा, पशुपतिनाथ..."

"पशुपतिनाथासाठी न्हाई." आवाज एवढा मोठा निघाला, की तिची तीच दचकली. मग तिनं सांगून टाकलं. मठ, पायरी, तांदळाचं सूप, गुरम्मा. "पहिल्या साली मी आपली पाया पडून निघाले होते. पाठीमागनं तिनं हाक मारली, तुझं गाव कोणतं म्हणून, कन्नडमध्ये. तीस वर्षांत मला कुणी त्या बोलीत गाव विचारलं नव्हतं. मी तिथंच बसले. भालकीची म्हणाले आन् रडायलाच लागले. तेव्हापासून जाते. मला तिथं बोलायला मिळतं."

रुद्राणीचा चेहरा कावराबावरा झाला. चौदा वर्षं आई तिच्याच घरात राहून, तिच्याच हातचा चहा पिऊन भक्तपूरला जात होती. "मला वाटायचं तू मठात जप करतीस," ती म्हणाली.

"जपच की. दुपारभर भालकीची नावं घेत बसायचो. कुणाची विहीर कुठं, कुणाची लेक कुठं दिली."

"पण अव्वा," अमरेश गोंधळून म्हणाला, "कन्नडच बोलायची तर लातुरात काय कमी माणसं हायत? आपल्या मिलवर निम्मे शेतकरी तिकडचेच येतात. गल्लीत बोलली असतीस. आमच्याशी बोलली असतीस!"

गंगम्मानं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पोळीच्या ताटाकडं बघत बोलली. "मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. सणाला भालकीची कासारीण बांगड्या घेऊन दारात आली. माहेरची बोली ऐकली, बसले हसत-बोलत. सासूबाई रेणापूरच्या, त्यांना शब्द कळंना. त्यांना वाटलं, आम्ही त्यांनाच हसून राहिलोत. कासारीण गेल्यावर मला देव्हाऱ्यापुढं नेलं आन् गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घ्यायला लावली. या गावच्या शिवेत पुन्हा ती बोली बोलणार न्हाई म्हणून."

"आज्जी गेली त्याला अठरा वर्षं झाली," रुद्राणी हलक्या आवाजात म्हणाली.

"सासू गेली. लिंग गळ्यातच हाय ना."

 या घरात लिंगावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे काय, हे अक्षरालाही कळत होतं. आणि घरात अप्पा, अव्वा, अण्णा एवढेच शब्द का उरले, बाकीची भाषा कुठं गेली, हे चाळिशीच्या मुलाला आणि अडतिशीच्या मुलीला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. अमरेश उठून आईशेजारी येऊन बसला. त्यानं तिचं खरकटं ताट आपल्या हातानं उचलून बाजूला ठेवलं.

"मला कामून न्हाई सांगितलं?" गुरुपादप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "चव्वेचाळीस वर्षं झाली."

"तुमची आई होती."

"मला वाटायचं तू विसरलीस. भालकीकडचा कुणी शेतकरी घरी जेवायला आणला, की तू वाढून आत जायचीस. मला वाटायचं, तुला त्या लोकांची लाज वाटती. म्हणून मीबी बंद केलं आणायचं."

"आत जाऊन दारामागं ऐकत उभी ऱ्हायची मी," गंगम्मा म्हणाली.

गुरुपादप्पांनी डोळे मिटले.  गंगम्माला त्यांची कीव आली. रागही होता, चव्वेचाळीस वर्षांचा, पण बहिणीच्या घराच्या ढिगाऱ्यावरून परत आलेला हा म्हातारा रोज सांजेला माणसं मोजतो, हेही तिला दिसत होतं. त्याच्या मोजणीतून एक माणूस कमी करायचं म्हणजे केवढं मागणं आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"तुम्ही न्हाई म्हणलात तर न्हाई जायची," ती म्हणाली. "पण मनापासून ऱ्हाणार न्हाई, ते सांगते."

रुद्राणी पुढं झाली. "अप्पा, मी नेते, मीच आणते. दर दोन दिवसांनी फोन करीन मिलवर..."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. उठले. उघड्या दारात जाऊन रस्त्याकडं पाहिलं, मग परत आले आणि बायकोसमोर खाली बसकण मारली. गुडघ्यांनी कुरकुर केली. खालच्या जमिनीवर, तिच्या डोळ्यांच्या रेषेत, ते असे कधी बसले नव्हते. ओठ दोनदा हलले. मिलवर तुरीच्या भावासाठी ज्या बोलीत ते दिवसभर घासाघीस करायचे, ती बोली बायकोशी बोलताना त्यांच्या जिभेवर कधी आली नव्हती, म्हणून शब्द जरा अडखळतच निघाले.

"होगि बा," गुरुपादप्पा म्हणाले.

अक्षरानं आत्याला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाले आज्जा?"

रुद्राणीला तरी कुठं येत होतं? तिनं आईकडं पाहिलं. गंगम्माचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"जाऊन ये म्हणाले," तिनं नातीला सांगितलं. याला भालकीत काय उत्तर देतात, ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि तिनं ते उत्तर तिथंच धरून ठेवलं. मग चव्वेचाळीस वर्षांत कधी मागितलं नव्हतं असं काहीतरी तिनं नवऱ्याकडं मागितलं.

"परत एकदा म्हणा," गंगम्मा म्हणाली.